परक्याचे राष्ट्रगीत

राष्ट्रगीत सुरू झाले की माणूस उभा राहतो. ही गोष्ट इतकी सरावाची झाली आहे की तिच्यात विचार करण्यासारखे काही असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. यवतमाळला लागून असलेल्या आमच्या लोहाऱ्यात काय किंवा मुंबईत काय, शाळेचा दिवस परिपाठाने सुरू होतो आणि परिपाठात राष्ट्रगीत असतेच. ठरलेल्या चालीत ते म्हणायला सुमारे ५२ सेकंद लागतात. पहिलीत नव्याने आलेले पोर शेजारच्या मुलाकडे पाहून हात सरळ ठेवायला शिकते, आणि एकदा शिकले की सायकल चालवण्यासारखे ते जन्मभर विसरत नाही.

मात्र सामन्याच्या दिवशी घराघरांत काय घडते ते पाहावे. खेळ सुरू होण्यापूर्वी एक नव्हे, दोन राष्ट्रगीते वाजतात. आपले वाजते तेव्हा आजोबासुद्धा काठी टेकून उभे राहतात. दुसरे वाजू लागले की कोणी चिवड्याची बशी भरायला आत जातो, कोणी आवाज कमी करतो, कोणी पंचांची नावे विचारतो. यात दुष्टपणा मुळीच नसतो. ते गीत आपले नाही एवढाच त्याचा अर्थ. पण समोर अकरा माणसे छातीवर हात ठेवून तेच गीत डोळे मिटून म्हणत असतात. त्या गीताचे आणि आपले नाते काय? ते वाजत असताना आपल्यावर काही कर्तव्य येते की नाही? आणि येत असेल तर ते केवळ शिष्टाचाराचे, की त्याहून खोल असे काही? या प्रश्नांचा थोडा विचार दिवाळीच्या निवांतपणात करून पाहावा असे वाटते.

परक्या देशाचे राष्ट्रगीत सामान्य माणसाच्या कानावर एरवी पडतेच कोठे? राजदूतांच्या समारंभांना आपल्याला बोलावणे नसते. खेळाचे मैदान हीच एक जागा अशी आहे की जेथे लक्षावधी साध्यासुध्या माणसांना दुसऱ्याच्या देशाचे गीत, इच्छा असो वा नसो, ऐकावे लागते. ऑलिंपिकमध्ये तर हा प्रसंग फारच टोकदार होतो. १९३२ साली लॉस एंजेलिसला विजेत्यांसाठी पायऱ्यांचा मंच आला. तीन क्रमांकांचे तीन ध्वज वर चढतात, पण गीत मात्र एकाचेच वाजते, पहिल्याचे. दुसरा आणि तिसरा यांनी, नुकताच झालेला पराभव उरात घेऊन, ज्याने हरवले त्याच्या देशाचे गीत संपेपर्यंत उभे राहायचे. हा नियम ज्याने कोणी केला त्याने नकळत एक फार कठीण धडा घालून दिला आहे.

या धड्याची एक बाजू १९३६ साली बर्लिनमध्ये दिसली. ९ ऑगस्टला मॅरेथॉनची शर्यत सोन की-चुंग नावाच्या कोरियन तरुणाने जिंकली. कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात होता. त्यामुळे सोनला जपानी उच्चाराच्या नावाने, जपानचे चिन्ह छातीवर लावून धावावे लागले. तो जिंकला आणि जपानचे राष्ट्रगीत वाजले. मंचावर त्याने मान खाली घातली. विजेत्याला ओकचे एक रोपटे देण्याची तेव्हा पद्धत होती. ते त्याने छातीशी असे धरले की चिन्ह झाकले जावे. तिसरा आलेला नाम सुंग-योंग हाही कोरियनच. सोनच्या पदकाचा नव्हे, तर छाती झाकायला मिळालेल्या त्या रोपट्याचा आपल्याला हेवा वाटला, असे त्याने पुढे सांगितले. कोरियातल्या एका वृत्तपत्राने ते चिन्ह पुसून छायाचित्र छापले, तेव्हा त्याच्या पत्रकारांना अटक झाली आणि पत्र बंद ठेवण्यात आले.

त्याच बर्लिनमध्ये, त्याच आठवड्यात, आपलीही माणसे होती. आमच्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक तेथे देशी खेळांची आणि व्यायामांची प्रात्यक्षिके करून आले, ही गोष्ट वऱ्हाडात आजही अभिमानाने सांगितली जाते. ध्यानचंदांच्या हॉकी संघाने १५ ऑगस्टला जर्मनीला ८-१ ने हरवले. मात्र त्या काळी हिंदुस्थानच्या विजयासाठी वाजायचे ते गीत ब्रिटिश बादशहाचे. अंतिम सामन्यापूर्वी संघाचे एक व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी कपडे बदलण्याच्या खोलीत काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला आणि खेळाडूंनी त्याला वंदन केले. बाहेर वाजणारे गीत एकाचे आणि आतल्या खोलीत जपलेला ध्वज दुसरा! सोनचे रोपटे आणि आपला तो घडी घातलेला तिरंगा ही एकाच दुःखाची दोन रूपे म्हटली पाहिजेत. परक्याचे गीत जेव्हा आपल्यावर लादले जाते, तेव्हा उभे राहणाऱ्याचे शरीर तेवढे उभे असते. मान खाली जाते, कारण मानेला खोटे बोलता येत नाही.

आता सोळा वर्षे पुढे यावे. १९५२, हेलसिंकी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव बँटमवेट गटात कुस्ती खेळायला गेले होते. १९४८ साली लंडनला ते सहावे आले होते. या वेळी जाण्यासाठी पैसे कमी पडत होते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा तिसरे आले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावी परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. हे सारे मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्या मंचावर गीत कोणाचे वाजले, याचा विचार मात्र सहसा कोणी करत नाही.

त्या गटात पहिला आला जपानचा शोहाची इशी, दुसरा सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव. म्हणजे गीत वाजायचे ते जपानचे. सोन की-चुंगने मान खाली घालून ऐकलेले तेच गीत. महायुद्धातील पराभवानंतर जपानला १९४८ च्या ऑलिंपिकचे निमंत्रणसुद्धा नव्हते. १९५२ च्या एप्रिलमध्ये परकीय सैन्याचा अंमल संपून तो देश पुन्हा स्वतःच्या पायांवर उभा राहिला होता. हेलसिंकीत जपानला सुवर्णपदक मिळाले ते एकच, आणि ते इशीचे. एका मोडून पडलेल्या देशाचे गीत तेथे एकदाच वाजायचे होते, आणि त्या प्रसंगी त्याच मंचाच्या तिसऱ्या पायरीवर सातारा जिल्ह्यातला एक शेतकऱ्याचा मुलगा होता.

सातारा जिल्हा म्हणजे पलटणींचा जिल्हा. १९४४ साली इंफाळ-कोहिमाच्या आघाडीवर जपानी सैन्याशी जे लढले त्यांत मराठा पलटणीचे शिपाई होते. त्या लढाईला तेव्हा आठच वर्षे झाली होती. ज्या घरांतले कर्ते पुरुष ब्रह्मदेशाच्या रानातून परत आले नाहीत अशी घरे त्या मुलखात होती. तरीही ९ जून १९५२ रोजी भारताने जपानशी टोकियोत स्वतंत्र शांतता करार केला आणि युद्धाच्या नुकसानभरपाईवरचा आपला हक्क सोडून दिला. पुढच्याच महिन्यात हेलसिंकीचा तो मंच आला. करारातली भाषा राजकारण्यांची असते, ती थोड्यांना कळते. मंचावर उभा असलेला पैलवान सगळ्यांना कळतो.

गीत तेच. सोनसाठी ते बेडी होते, खाशाबांसाठी ते दुसऱ्याच्या घरचे मंगलगान होते. फरक गीतात नव्हता, ऐकणाऱ्याच्या स्वातंत्र्यात होता. त्याच आठवड्यात भारतीय हॉकी संघाने नेदरलँड्सला ६-१ ने हरवून सुवर्णपदक मिळवले. १९५० साली राष्ट्रगीत म्हणून स्वीकारलेले आपले गीत ऑलिंपिकच्या मैदानावर हक्काने वाजवण्याची ती पहिली वेळ. ज्याच्याजवळ स्वतःचे गीत आहे त्यालाच दुसऱ्याच्या गीताला मोकळ्या मनाने मान देता येतो. गुलामाने दिलेल्या मानाला किंमत नसते, कारण तो नाकारण्याची त्याला मुभा नसते.

येथवर सगळे सोपे आहे. अवघड प्रश्न पुढे आहे, आणि तो मला वर्गातल्या एका मुलाने विचारला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक घेतले. खाशाबांनंतर तब्बल बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे वैयक्तिक पदक. सुवर्ण चीनच्या ल्यू युकुनचे, रौप्य युक्रेनच्या सेर्ही कुलिशचे. अर्थात गीत वाजायचे ते चीनचे. दूरचित्रवाणीवर ते पाहून आलेल्या त्या मुलाने दुसऱ्या दिवशी विचारले, "सर, त्यायनं गलवानमंदी आपले जवान मारले नं? मंग त्यायच्या गाण्यासाठी आपल्या मानसानं काहून उभं राहाव?"

या प्रश्नाला झटपट उत्तर देणाऱ्या माणसाची मला धास्ती वाटते. २०२० च्या जूनमध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान गेले, ही काही पुस्तकातली गोष्ट नव्हे. ज्या घरातला मुलगा सीमेवरून परत आला नाही, त्या घरच्या आईला मी दुसऱ्याच्या गीताचा मान राखण्यावर व्याख्यान देणार नाही. त्या मुलाचा प्रश्न देशप्रेमातूनच आला होता, आणि देशप्रेम चुकीच्या दिशेने जाते आहे असे वाटले तरी त्याला हसायचे नसते.

तरीही उत्तर शोधले पाहिजे. माझ्या मते ते असे आहे. राष्ट्रगीत सरकारचे नसते आणि सैन्याचेही नसते. सरकारे येतात, जातात, चुकतात, क्वचित गुन्हेही करतात. गीत मात्र त्या देशातल्या त्या माणसांचेही असते ज्यांना आपल्या सरकारचा जाच होतो आणि ज्यांना या भांडणातले काही ठाऊकही नसते. तेथेही एखाद्या खेड्यातल्या शाळेत सकाळी पोरे रांगेत उभी राहतात, तेथेही एखादी मास्तरीण एखाद्याचा वाकडा हात सरळ करते. आपण उभे राहतो ते त्या रांगेसाठी. सीमेवरचे भांडण सीमेवर लढावे, वाटाघाटीत मांडावे, आणि तेथे एक पाऊलही मागे घेऊ नये. पण पन्नास मीटरवरच्या लक्ष्यावर ज्याने आपल्याहून चांगला नेम साधला, त्याचा तो क्षण हिरावून घेतल्याने आपला एकही जवान परत येत नाही. इंफाळच्या आठवणी ताज्या असताना खाशाबांनी जे केले तेच स्वप्नीलने केले. आणि असे करताना दोघांपैकी कोणाच्याही देशप्रेमात रतीभर उणे आले असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही.

याच पॅरिसमध्ये आठ दिवसांनी आणखी एक प्रसंग आला. भालाफेकीत पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ मीटरची फेक करून सुवर्ण जिंकले आणि आपल्या नीरज चोप्राला रौप्य मिळाले. नीरज मंचावर होता आणि गीत पाकिस्तानचे. त्या वेळी हरियाणातल्या खेड्यात नीरजच्या आईने पत्रकारांना सांगितले की सुवर्ण जिंकलेला तोही आमचाच मुलगा आहे. तत्त्वज्ञानाची मोठी पुस्तके जेथे अडतात तेथून ही माऊली एका वाक्यात पार गेली. पुढे २०२५ मध्ये दोन्ही देशांत पुन्हा रक्त सांडले, आणि सप्टेंबरात दुबईला आशिया चषकाच्या सामन्यात आपल्या खेळाडूंनी हस्तांदोलन केले नाही. ते योग्य की अयोग्य यावर घराघरांत वाद झाले, अजूनही होतात. पण त्या दिवशीही दोन्ही गीते झाली आणि दोन्ही संघ दोन्ही गीतांना उभे राहिले. हात मिळाले नाहीत, तरी हा धागा तुटला नाही. ज्या दिवशी तोही तुटेल त्या दिवशी खेळायचे कशाला, असा प्रश्न खरोखरच उभा राहील.

कोणी म्हणेल, उभे राहणे हा नुसता देखावा. मनात नसेल तर उपयोग काय? या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच सक्तीचा विचार वेगळा केला पाहिजे. १९८५ साली केरळात तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण आपल्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट १९८६ मध्ये न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. गाण्याची सक्ती करणारा कायदा नाही आणि शांतपणे, आदराने उभे राहणे हा अपमान होत नाही, असा त्याचा सारांश. शिक्षकाने हा निकाल आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवावा अशा योग्यतेचा आहे. गळ्यातून सूर काढून घेता येतो, आदर काढून घेता येत नाही. तो मुलाच्या मनात रुजेपर्यंत वाट पाहावी लागते.

स्वतःच्याच गीतापुढे ज्यांना वेगळे वागावेसे वाटले अशांची गोष्टही येथे आठवते. १९६८ साली मेक्सिकोत दोनशे मीटरच्या शर्यतीनंतर टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या कृष्णवर्णीय अमेरिकनांनी आपल्या देशाचे गीत वाजत असताना मान खाली घालून काळा हातमोजा घातलेली मूठ वर केली. देशाने आपल्या माणसांना समान वागवावे एवढीच त्यांची मागणी होती. दुसऱ्या पायरीवर ऑस्ट्रेलियाचा गोरा धावपटू पीटर नॉर्मन होता. गीत त्याचे नव्हते, भांडणही त्याचे नव्हते. पण त्या दोघांच्या बाजूचा मानवी हक्कांचा बिल्ला त्याने छातीवर लावला. २००६ साली तो वारला तेव्हा स्मिथ आणि कार्लोस यांनी त्याच्या शवपेटीला खांदा दिला. परक्याच्या गीताला उभे राहताना त्या गीतामागचे दुःखही ऐकता येते, हे नॉर्मनने दाखवले. नुसत्या शिष्टाचाराच्या पुढची ही पायरी आहे.

मात्र पहिली पायरी, म्हणजे साधा शिष्टाचार, हीही काही सर्वत्र पाळली जाते असे नाही. १९९० साली रोममध्ये विश्वचषक फुटबॉलच्या अंतिम सामन्यापूर्वी अर्जेंटिनाच्या गीताला प्रेक्षकांनी शिट्ट्या घातल्या, आणि संतापलेल्या माराडोनाच्या ओठांवर त्या वेळी जे शब्द होते ते या अंकात छापता येणार नाहीत. २०१२ साली कुवेतमधल्या नेमबाजीच्या स्पर्धेत तर यजमानांनी कझाकस्तानच्या गीताऐवजी एका विनोदी चित्रपटातले त्या देशाची टवाळी करणारे गाणे लावले. पहिली आलेली मारिया द्मित्रिएन्को छातीवर हात ठेवून ते संपेपर्यंत शांत उभी राहिली. नंतर समारंभ पुन्हा घ्यावा लागला. आपल्याकडे शेजारणीकडून फराळाचे ताट आले तर ते रिकामे परत पाठवत नाहीत, आणि तिचे ताट आपल्या ताटांत मिसळू नये म्हणून जपून वेगळे ठेवतात. पाहुण्याचे गीत असेच जपून ठेवायचे असते. कुवेतच्या यजमानांनी ते ताट एकदा तपासून पाहिले असते तर बरे झाले असते.

या सर्व प्रसंगांत आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेला एक प्रसंग मला विशेष वाटतो. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. आपले राष्ट्रगीत सुनिधी चौहान यांनी गायिले, आणि सारे मैदान त्यांच्याबरोबर गाऊ लागले. सांगलीची स्मृती मानधना आणि मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज त्या रांगेत होत्या. भारताने तो सामना ५२ धावांनी जिंकला. पण त्याआधी त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेचेही गीत झाले, आणि त्या गीताचा इतिहास आपल्या प्रश्नाचे उत्तरच आहे. त्या देशात एक गीत होते गोऱ्या राज्यकर्त्यांचे, दुसरे होते काळ्या जनतेच्या लढ्याचे. एकाने छळले, दुसऱ्याने छळ सोसताना धीर दिला. सत्ता मंडेलांच्या हाती आल्यावर पहिले गीत पुसून टाकणे सहज शक्य होते, आणि तसे केले असते तर कोणी दोष दिला नसता. १९९५ साली रग्बीच्या विश्वचषकात दोन्ही गीते वाजली आणि १९९७ साली दोन्हींचे तुकडे जोडून एकच गीत झाले, पाच भाषांचे. ज्यांनी आपल्याला तुडवले त्यांच्या गीतालाही त्यांनी आपल्या गीतात जागा दिली. आपल्याला तर नुसते दोन मिनिटे उभे राहायचे असते.

दुसऱ्याच्या आईला वंदन केल्याने आपल्या आईचे प्रेम आटत नाही, हे आपण घरात जाणतो. मैदानावर मात्र ते विसरतो. जो आपल्याच गीताला उभा राहतो आणि दुसऱ्याचे चालू असताना हसतो, तो आपल्या गीतालाही कदाचित सवयीने किंवा धाकानेच उभा राहत असेल, अशी शंका मला येते. गीत म्हणजे काय हे ज्याला कळले आहे, त्याला ते कोणाचे आहे याने फारसा फरक पडत नाही. १९८० च्या मॉस्कोपासून २००८ च्या बीजिंगपर्यंत, अभिनव बिंद्राचे सुवर्ण येईतो, अठ्ठावीस वर्षे आपले गीत ऑलिंपिकच्या मंचावर एकदाही वाजले नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्येही ते वाजले नाही. या सगळ्या वर्षांत आपले खेळाडू दुसऱ्यांची गीते ऐकत उभे राहिले. त्यांच्या पदकांचे आकडे आपण मोजतो. त्यांनी उभे राहून देशासाठी मिळवलेली ही दुसरी इज्जत मात्र कोणत्याही तक्त्यात लिहिलेली नसते.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, की स्वप्नील चीनसाठी उभा नव्हता, तो भारताचा माणूस म्हणून उभा होता. भारताचा माणूस दुसऱ्याच्या गीताच्या वेळी कसा वागतो, हे जगाला त्याच्याकडे पाहून कळणार होते. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, "मंग आपलं वाजन तवा चीनचा मानूसबी उभा राहीन नं?" राहील, मी म्हटले. राहायलाच हवे. आणि तो राहिला नाही तरी आपण मात्र आपले उभे राहणे सोडायचे नाही.